आमचे येथे

'व्हिजिटिंग कार्ड' या वस्तूला मराठीत सर्वमान्य शब्द नाही. 'भेटपत्र' म्हणून पाहिले, तर त्यात भेटवस्तूचा भास होतो. 'परिचयपत्र' म्हटले की संमेलनाच्या व्यासपीठावरील पाहुण्याचा दीड पानी परिचय आठवतो. 'ओळखपत्र' हा शब्द सरकारने केव्हाच ताब्यात घेतलेला आहे. बोलताना आपण नुसते 'कार्ड' म्हणतो आणि कोणते कार्ड ते संदर्भावर सोडून देतो. माझ्या गावी, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे, कार्ड म्हणजे आधी रेशनचे. त्यानंतर आधार, मतदान, एटीएम आणि रोजगार हमीचे जॉब कार्ड. धंद्याचे कार्ड या रांगेत अगदी शेवटी उभे आहे, आणि त्याची ती जागा रास्तही आहे, कारण ते नसल्याने आजवर कोणाचे धान्य अडलेले नाही.

तरीही या शेवटच्या कार्डाची एक गोष्ट निराळी आहे. बाकीच्या सर्व कार्डांवर माणसाचे नाव दुसऱ्या कोणीतरी, आधीच ठरलेल्या रकान्यात लिहिलेले असते. सरकारी कार्डांच्या जगात स्त्री मागे राहिली आहे असेही म्हणता येत नाही. आधार योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी एका आदिवासी स्त्रीच्या हाती देण्यात आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील वयाने सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव घालण्याची तरतूद केली. पण रकाना तिथे सरकारचा. आपल्याला काय म्हणावे, आपल्या कामाला काय म्हणावे, आपल्याला गाठायचे तर कोणत्या वाटेने, हे ज्याचे त्याने ठरवायचे असे कार्ड धंद्याचे तेवढेच. साडेतीन इंच बाय दोन इंच. एवढ्या जागेत स्वतःविषयी काय लिहावे हा प्रश्न आत्मचरित्रकारालाही अवघड जाईल. आमच्या काकूला तो दोनदा सोडवावा लागला, किंवा नेमके बोलायचे तर एकदा तो तिच्या वतीने इतरांनी सोडवला आणि दुसऱ्यांदा तिने.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. गेली बारा-तेरा वर्षे ती उन्हाळ्यात धापोडे करून विकते. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. ज्वारी भिजवून दळायची, ते पीठ शिजवायचे, त्यात तीळ, जिरे, मीठ घालायचे आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पातळ थापत जायचे. दोन कडक उन्हे मिळाली की ते कापडावरून आपसूक सुटतात. तळून खातात, विस्तवावर भाजून खातात, आणि अर्धवट वाळलेले ओले धापोडे मुले कापडावरूनच पळवतात. काकूचे काम सुरू झाले ते बचत गटात. पुढे गट मोडला, काम मात्र राहिले. त्यात कुरड्या, शेवया, मुगाच्या वड्या यांची भर पडली.

गावात विकण्यासाठी तिला कार्डाची काही गरज नव्हती. ज्या गावात घरामागे घर ओळखीचे असते तिथे कार्ड देणे म्हणजे समोरच्याला परके ठरवणे. कार्ड ओळखीचे प्रतीक आहे असे आपण समजतो, पण ते ओळख संपते त्या वेशीवर सुरू होते. काकूच्या बाबतीत ही वेस उन्हाळ्यात यायची. लग्नसराईला पुण्याहून, नाशिकहून, सुरतेहून गावची माणसे येत, परतताना दोन-दोन किलो धापोडे बांधून नेत, आणि खरी पंचाईत पुढे होई. धापोडे खाण्याचे दिवस आषाढ-श्रावणातले. पाऊस लागला की डबा उघडायचा, तळायचे, गावाची आठवण काढायची आणि 'हे कोणाकडून घेतले होते गं?' असे एकमेकांना विचारायचे. त्या विचारण्याच्या क्षणी उत्तर डब्यात असायला हवे होते. कार्डाची कल्पना तिथून आली.

पहिले कार्ड २०१८ साली माझ्या चुलतभावाने खामगावहून छापून आणले. रंगीत कार्ड हजारापेक्षा कमी छापत नाहीत, म्हणून हजार. संगणकावर नमुना तयार होता. वर गजानन महाराजांची प्रतिमा, त्याखाली अमुक गृहउद्योग, डाव्या बाजूला कुठूनतरी उतरवून घेतलेले उडदाच्या पापडांचे चित्र. मजकूर असा: 'आमचे येथे सर्व प्रकारचे घरगुती पापड योग्य दरात मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या.' खाली 'प्रो. प्रा.' आणि काकाचे नाव. दोन भ्रमणध्वनी क्रमांक, एक काकाचा, एक चुलतभावाचा. कार्ड देखणे होते. ज्या हातांनी धापोडे थापले जातात त्यांचा त्यावर कुठेही पत्ता नव्हता, आणि धापोडे हा शब्दही नव्हता. यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती; काकाने तर स्वतःचे नाव पाहून 'माहं काहून टाकलं बे?' असेच विचारले होते. नमुन्यात जागा होती, ती भरली गेली एवढेच. रूढ रूपबंध असा काम करतो. तो लिहिणाऱ्याला विचारत बसत नाही.

या रूपबंधातील 'आमचे येथे' या दोन शब्दांपाशी मी अध्यापकाच्या सवयीने पुष्कळ वेळ घालवला आहे. आजच्या प्रमाण मराठीत आपण 'आमच्या येथे' किंवा 'आमच्याकडे' लिहू. विद्यार्थ्याने 'आमचे येथे' लिहिले तर तांबड्या शाईची रेघ ठरलेली. शब्दयोगी अव्ययापूर्वी 'च्या'ऐवजी 'चे' ठेवण्याची ही जुनी लकब. ललित गद्याने ती केव्हाच सोडली, पण महसुली कागदांत, निमंत्रणांत, पाट्यांवर ती सुखाने नांदते आहे. 'यांचे शुभहस्ते', 'यांचे विद्यमाने', 'यांचे मार्फत'. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असते आणि किराणा दुकानात 'आमचे येथे तूरडाळ होलसेल भावात' असते. वाङ्मयातून हद्दपार झालेल्या रूपाला छापखान्याने आश्रय दिला. ते साहजिकही होते. जिल्ह्याजिल्ह्यांतील ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके हेच पोटाचे काम असे आणि फावल्या वेळात तिथेच एखाद्या स्थानिक कवीचा पहिला संग्रहही छापून निघे. एकाच केसमधील खिळे दोन्हीकडे जात. कवितेची भाषा पुढे गेली, पत्रिकेची तिथेच राहिली. कोणती अधिक टिकाऊ ठरली, हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही.

दुसरे असे की मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आपण' ऐकणाऱ्याला पोटात घेतो, 'आम्ही' त्याला उंबऱ्याबाहेर उभा करतो. 'आमचे येथे' म्हणताना एक घर बोलते: बाप, भाऊ, मुलगे, गल्ल्यावरचा काका. इंग्रजी पाट्यांवरचे 'अँड सन्स' आणि मराठीतले 'बंधू' हे त्याच 'आम्ही'चे पर्याय. 'अँड डॉटर्स' असे लिहिलेली पाटी आमच्या भागात तरी माझ्या पाहण्यात आलेली नाही. त्या 'आम्ही'मध्ये स्वयंपाकघराची मोजणी होत असते की नाही, हे मजकुरावरून कळत नाही. काकाच्या नावाखाली छापलेल्या 'आमचे'मध्ये काकू होती असेही म्हणता येईल; नव्हती असेही.

मात्र व्यवहाराने या संदिग्धतेचा निकाल लावला. कार्डे पाकिटांबरोबर गेली आणि फोन काकाला येऊ लागले. काका शेतात. तो फोन घेई, 'हो हो, भेटते' म्हणे आणि संध्याकाळी सांगायला विसरे. एकदा त्याने भर पावसाळ्यात कोणाला तरी दहा किलोचा शब्द दिला. ऊनच नाही, तर धापोडे वाळणार कुठे? ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. तेव्हापासून काकूने एक युक्ती केली. पाकिटात कार्ड घालण्यापूर्वी ती काकाच्या क्रमांकाखाली बॉलपेनने स्वतःचा क्रमांक लिही. सर्वच कार्डांवर नाही. पाकीट बाई नेत असेल तर लिही, पुरुष नेत असेल तर कोणाचा कोण ते पाहून ठरवी. छापील कार्ड सर्वांसाठी आणि त्यावरची हस्तलिखित ओळ निवडक वाचकांसाठी, अशी ही दुहेरी संहिता चारेक वर्षे चालली. पाठसंशोधनाची आवड असलेल्या कोणी ती हजार कार्डे पुन्हा गोळा केली, तर त्याला एका बाईच्या विश्वासाचा नकाशा हाती लागेल.

कार्ड नेमके कशासाठी, याचे उत्तर शोधायला थोडे दूर जावे लागते. अठराव्या शतकातील लंडनमध्ये दुकानदारांची कार्डे असत, आजच्या कार्डापेक्षा बरीच मोठी, नक्षीदार, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. चित्रकार विल्यम होगार्थ याने १७२० साली खोदकामाचा स्वतंत्र व्यवसाय मांडला तेव्हा स्वतःचे असे कार्ड स्वतःच कोरले होते. त्या कार्डांवर दुकानाच्या चिन्हाचे चित्र आणि वाटेच्या खुणा असत, कारण घरांना क्रमांक नव्हते. १७६० च्या दशकात टांगत्या पाट्या उतरवण्यात आल्या आणि क्रमांक आले. म्हणजे कार्ड हा मुळात रस्ता सांगणारा कागद. आमच्या भागातली कार्डे अजून होगार्थच्या काळात आहेत असे कोणी उपहासाने म्हणेल, पण मला त्यात उणे काही दिसत नाही. 'बस स्टँडजवळ', 'शाळेसमोर', 'हनुमान मंदिरामागे'. असा पत्ता क्रमांकाने दिलेला नसतो, शेजाऱ्यांच्या हवाल्याने दिलेला असतो. फक्त तो गावात पोचलेल्या माणसालाच उपयोगी पडतो.

गावाबाहेरच्याला आधी गावच सापडावे लागते, आणि पिंपळगाव नावाच्या गावांना महाराष्ट्रात तोटा नाही. नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत तर कांद्या-द्राक्षांमुळे आमच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध. आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे आहे. 'राजा' जोडून खूण करावी तर देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हेही याच जिल्ह्यात. नावांच्या अशाच गोंधळावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला, आणि तो आणणारे डाक-तार खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, हे आपल्या वर्तुळातही फारसे कोणाच्या लक्षात नसते. सहा आकड्यांत देशातील प्रत्येक गावाची वाट बसवणे ही छंदोरचनेच्या जातीचीच कामगिरी म्हणायची. पहिल्या कार्डावर पिन कोड नव्हता. नुसते 'पिंपळगाव' होते, कारण छापणाऱ्याच्या दृष्टीने आणखी कोणते पिंपळगाव असणार?

हजार कार्डे संपत आली तेव्हा, २०२२ च्या दिवाळीत, काकूने मला बसवले. "तू कॉलेजात मराठी शिकवतं ना, मंग मले चार ओळी लिहून दे." मी कागद घेतला आणि पहिलीच ओळ लिहिली: ज्वारीचे पापड. हा शब्द मी विचारपूर्वक निवडला होता. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला धापोडे काय कळणार? काकूने मान हलवली. "पापड येगळा अन् धापोडा येगळा. पापड लाटतेत, धापोडा थापतेत. ज्याले ठावं नाही तो इचारीन." बोलीतील शब्दांचे प्रमाणभाषेत काय करावे यावर आपण परिसंवाद घेत आलो आहोत. तळटीप द्यावी, कंसात अर्थ द्यावा की वाचकाला अडखळू द्यावे? काकूचा पक्ष तिसरा होता आणि त्याला व्यापारी आधारही होता. अडखळलेला माणूस विचारतो, आणि विचारणारा माणूस फोन करतो. शिवाय तिची गिऱ्हाइके मूळची इकडचीच. त्यांच्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात डब्यातून निघालेला 'धापोडे' हा छापील शब्दच त्यांना अर्धे गाव. कार्डावर तोच शब्द राहिला, मोठ्या टाइपात.

मग 'आमचे येथे'. तिने ते वाचले आणि थांबली. "आमचे काहून? मी त एकटीच करतो." (वऱ्हाडीत 'मी करतो' हे बाई म्हणते आणि बाप्याही. प्रथमपुरुषी क्रियापदात लिंगभेद न मानणारी ही बोली समतेच्या बाबतीत प्रमाण मराठीच्या एक पाऊल पुढे आहे; घराबद्दल मात्र तसे म्हणवत नाही.) मी तिला सांगितले की 'माझे येथे' असे कोणी लिहीत नाही. "मंग काहीच लिवू नोको. धापोडे भेटतेत, येवढं लिव." एका वाक्यात तिने कर्तृपद आणि 'आम्ही' दोन्ही निकालात काढले. मी 'मिळतील' केले, तेवढी माझी भर.

नावाचा प्रश्न सर्वांत लांबला. 'प्रो. प्रा.' तिला नको होते, त्याचा अर्थच कोणाला लागत नाही म्हणून. छापखान्यातून आलेल्या कच्च्या नमुन्यात मुलाने सवयीने तिच्या नावाआधी 'सौ.' घातला होता. काकूने तो काढायला लावला. मी कारण विचारले, तर म्हणाली, "सौ. कायले पाह्यजे? धापोडे का नवऱ्याकडे पाहून फुलतेत?" मला वाटले, आता नवऱ्याचे मधले नावही जाणार. पण ते तिने ठेवले. "मधात राहू दे. नाही त लोक म्हनतीन, हे कोन्ती?" गावात तिला तिच्या नावाने हाक मारणारे फार थोडे. ती अमक्याची बायको, तमक्याची माय. तिचे सुटे नाव हे गावाच्या दृष्टीने परक्या बाईचे नाव आहे, आणि परक्या बाईकडून धापोडे कोण घेणार? राज्य सरकारने २०२४ साली सरकारी कागदपत्रांत नावापुढे आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही विवाहितेच्या बाबतीत नवऱ्याचे नाव मधे लिहिण्याची रीत तशीच राहू दिली. काकूच्या निर्णयामागे रूढी आहे असे माझ्या एखाद्या विद्यार्थिनीला वाटेल, आणि ते चूक नाही. पण 'सौ.' हे बिरुद आहे आणि मधले नाव हा पत्ता आहे, हा भेद तिने ज्या सहजपणे केला तो मला आपल्या अनेक चर्चांपेक्षा नेमका वाटतो. बिरुदाने कोणी घरी पोचत नाही.

आता उरला क्रमांक. तिथे घर दुभंगले. तिला स्वतःचा क्रमांक हवा होता, छापील. चुलतभावाचा विरोध होता आणि त्याच्यापाशी ठोस उदाहरण होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या बावधन भागात घरकाम करणाऱ्या एका बाईंचे कार्ड देशभर गाजले होते. त्यांचे एक काम सुटले, तेव्हा ज्यांच्याकडे त्या काम करत त्या जाहिरात-व्यवसायातील बाईंनी त्यांच्यासाठी नीटस कार्ड तयार केले: नाव, 'घरकाम मावशी', कोणत्या कामाचे महिन्याला किती, आधार कार्ड पडताळलेले असल्याची नोंद आणि फोन क्रमांक. शंभरेक कार्डे छापून आजूबाजूच्या वसाहतींत वाटली. कोणीतरी त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकले आणि फोन सुरू झाले, बावधनमधून नव्हे, सगळ्या देशातून. शेवटी त्यांना फोन बंद करून ठेवावा लागला. त्या काळी या प्रसंगाचे वर्णन सगळीकडे यशकथा म्हणून झाले. मला ते कार्ड खरोखर उत्तम वाटते. कामाचे दर छापण्यात जो स्वाभिमान आहे तो 'योग्य दरात' या गुळमुळीत शब्दांत कधीच नसतो. पण धंद्याच्या अंगाने पाहिले तर बावधनमधली चार घरे मिळवण्यासाठी काढलेले ते कार्ड होते, आणि ज्या फोनवर ती चार घरे बोलली असती तोच बंद झाला.

माझ्या मते इथे दोष कार्डाचा नाही, छायाचित्राचा आहे. कार्ड हातातून हातात जाते. देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड दिसते, आणि देण्याआधी क्षणभर विचार करता येतो. काकूचा बॉलपेन त्या क्षणातच चालत असे. छायाचित्र झाले की देणारा नाहीसा होतो. धंदा वाढवण्याची पुस्तके सांगतात की कार्ड जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. हाताने बनवलेली आणि उन्हाने मोजलेली वस्तू विकणाऱ्याला तो सल्ला घातक आहे. काकूला पाचशे गिऱ्हाइके झेपणारच नाहीत. तिला हवीत ती साठ-सत्तर घरे, पण दरवर्षी तीच.

चुलतभावाची भीती मात्र खोटी नव्हती, आणि तिला उत्तर देणे मला जमले नाही. बाईचा क्रमांक छापला की रात्री-अपरात्री कोण फोन करील हे सांगता येत नाही. काकूने ऐकून घेतले आणि आठ दिवसांनी स्वतःच तोड काढली. एक साधा बटणांचा फोन, नवे सिम, तेवढे धंद्यापुरते. व्हॉट्सॲप नाही, त्यामुळे चित्रे नाहीत, चॅट नाही. तो फोन घराबाहेर जाणार नाही, कोनाड्यातच राहणार. पैशांसाठी मुलाचा क्यूआर कोड तेवढा पाकिटावर चिकटवला. कार्डावर तो नको, असे तिने बजावले.

आणि शेवटची ओळ, जी माझ्या किंवा छापखान्याच्या डोक्यात आली नसती: 'मागणी महाशिवरात्रीपर्यंत कळवावी.' आमच्याकडे सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीला शेताबाहेर काढल्याला बरीच वर्षे झाली. चांगली ज्वारी आधी हेरून, सांगून ठेवावी लागते. किती लागेल ते उन्हे तापण्यापूर्वी कळले तरच पुढचे सगळे जमते. कार्ड पावसाळ्यात वाचले जाणार आणि मागणी थंडीच्या अखेरीस यायला हवी, हे मधले पाच-सहा महिने त्या एका ओळीने सांधले. त्या कार्डावरचे सर्वांत चांगले वाक्य तेच. त्यात माल आहे, ऋतू आहे, विकणारीची अट आहे, आणि विनवणी नाही. 'एक वेळ अवश्य भेट द्या' आपोआप गळून पडले.

कार्डाची मागची बाजू तिने कोरी ठेवली. छापखानेवाला तिथे देवाचे चित्र फुकट टाकून देत होता. पण मागे ती थापल्याचा दिवस आणि वजन लिहिते, मग कार्ड पारदर्शक पिशवीत उभे घालून तोंड बंद करते. त्यामुळे निराळे लेबल लागत नाही. पुण्याच्या एका बाईने मला सांगितले की डबा रिकामा झाला तरी तिने कार्ड डब्यातच राहू दिले आहे. तेच हवे होते.

पहिल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी काकूच्या वहीची दोन पाने भरली. त्यातली किती नावे कार्डामुळे आली आणि किती नात्यामुळे, हे तिला विचारले तर ती म्हणते, फोन आला म्हणजे आला. नको ते फोनही आले. पण कोनाड्यातला फोन काकू उचलत नाही. तिचे हात पिठात असतात. तो उचलते आजी, म्हणजे काकूची सासू. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी, त्यामुळे आवाज खणखणीत. "कोन बोलते? कोनाचा कोन? कोन्या गावचा?" या तीन प्रश्नांना ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याचा फोन तिथेच संपतो. ज्याच्यापाशी असते त्याची ज्वारीपासून सोयरिकीपर्यंत चौकशी होते आणि मग किलो विचारले जातात. चुलतभावाचा विरोध या व्यवस्थेपुढे मावळला.

तिसऱ्या छपाईची वेळ आता आली आहे. मजकूर तोच ठेवायचे ठरले होते, पण आजीने नवा मुद्दा काढला आहे. तिने कार्ड कोणाकडून तरी वाचून घेतले, आणि मागच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा ते माझ्यापुढे धरले. "फोन मी उचलतो. गिऱ्हाईक मी पारखतो. रेशन कार्डावर माहं नाव पह्यलं हाय. मंग ह्या कार्डावर कुठी हाय?"

काकू म्हणते, लिही. कुठे आणि काय म्हणून लिहायचे, ते अजून ठरलेले नाही.